काडीचाही संबंध नसलेला इसम

घरी स्वतःचं वर्तमानपत्र घ्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. ह्यात राजकारण कुठं आलं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हसलो असतो. पुढं आमच्या साहेबांनी मला हेच उलट बाजूनं विचारलं, तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाहत्तर सालच्या निवडणुकीचे दिवस. मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतला एका सरकारी खात्यात कारकून होतो. खात्याचं नाव सांगत नाही, कारण अजून पेन्शन चालू आहे. एवढंच सांगतो की खात्याचा संबंध पाण्याशी होता आणि तालुक्यात पाणी नव्हतं, त्यामुळे कामाचा ताण बेताचाच असे. तोवर मी पेपर सलूनमध्ये वाचायचो. सलूनमधल्या पेपरचं पहिलं पान दाढी करून घेणाऱ्याच्या हातात, मधलं पान बाकावर कुणाच्या तरी मांडीखाली आणि शेवटचं पान वस्तरा पुसायला. बांगला देशच्या लढाईत आपलं सैन्य ढाक्याच्या वेशीपर्यंत पोचल्याचं मी तिथं वाचलं. ते आत शिरलं की नाही, हे मला शेजारच्या रेडिओवरून कळलं, कारण पुढच्या मजकुराला साबण लागला होता. सरकारी नोकरीतल्या माणसाला हे शोभत नाही असं मला वाटू लागलं.

आमच्या हिनं दोन दिवस विचार करून परवानगी दिली. "रद्दी तरी होईल," ती म्हणाली. समोरच्या मच्छिंद्र शिंप्यानं मात्र मशीन थांबवून सल्ला दिला, "भाऊसाहेब, पेपर घरी घेऊ नका. फुकट वाचायला मानसं येत्यात. मग त्यांना च्या लागतो." मला तो संकुचित विचार वाटला.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. रंगनाथराव, म्हणजे सगळ्यांचे तात्या, आमच्या तालुक्यातून विधानसभेला उभे होते. गहिनीनाथ हा त्यांचा उजवा हात. सतरंज्या घालणं, कर्णा बांधणं, माणसं गोळा करणं आणि समोरच्याची सभा असेल तर ती पांगवणं, ही सगळी खाती त्याच्याकडे. समोरच्या पक्षात कानिफनाथ नावाचा एक वक्ता होता. जीभ फार तिखट. एका जेवणाच्या पंगतीत तात्या म्हणाले, "ह्या कानिफनाथाला कुणीतरी जरा गार करा रे."

तात्यांना काय म्हणायचं होतं ते तात्यांनाच ठाऊक. गहिनीनाथनं कानिफनाथला भर दुपारी खांद्यावर घातलं, रानातल्या एका कोरड्या विहिरीत दोराला बांधून अलगद सोडलं, पाठोपाठ पाण्याची घागर आणि भाकरी-ठेचा सोडला आणि सभेची वेळ टळल्यावर वर काढलं. कानिफनाथला खरचटलंसुद्धा नव्हतं. उलट त्याची चांगली झोप झाली होती. तालुक्यात त्या वर्षी दुष्काळाचे आभार मानावेत असा तो एकटाच माणूस असावा. पण पेपरवाल्यांनी त्याचं 'विहीरकांड' केलं. नगरचं 'सीनावार्ता', पुण्याचं 'लोकनिनाद' आणि 'भांडाफोड' नावाचं एक छोटं दैनिक, तिघांनी मिळून तात्यांना रोज एकच प्रश्न लावून धरला, की हा गहिनीनाथ तुमचा कोण?

माझ्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं वर्तमानपत्र दुपारच्या एस.टी.नं आलं, त्याच्या पहिल्या पानावर तात्यांचं उत्तर होतं.

संध्याकाळी मी ते दुसऱ्यांदा वाचत होतो, तेव्हा दारातला उजेड गेला. वर पाहिलं तर गहिनीनाथ. आमचं दार ठेंगणं आणि तो हा एवढा. चौकटीत त्याचं डोकं दिसत नव्हतं, छातीवरच्या पैरणीची बटणं तेवढी दिसत होती. तो वाकला.

"भाऊसाहेब, तुमच्याकडं पेपर येतो म्हनं. जरा वाचून दावता का? सलूनमदी मी गेलो की समदी पेपराची घडी घालत्यात."

'नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. मी वाचलं. "गहिनीनाथ नावाच्या कोणा इसमाशी माझा काडीचाही संबंध नव्हता, नाही व यापुढे राहणार नाही."

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"इसम म्हंजी काय?"

"माणूस. सरकारी भाषेत माणसाला इसम म्हणतात."

"मग मानूस का न्हाई म्हनले?" तो उंबऱ्यावर टेकला. "तात्यांच्या पोरीच्या लग्नात आचारी पळून गेल्ता तवा रातभर चुलीपुढं मी हुतो. तात्या सोता येऊन म्हनले, गहिन्या, तू हायेस म्हनून इज्जत ऱ्हायली." मग तो म्हणाला, "हे तात्यांचं लिवणं न्हाई. तात्यांना सही करायची म्हनलं तरी घाम येतो. कुन्या वकिलानं लिवलं असंल."

"असेल," मी म्हणालो.

ह्या 'असेल'मध्ये माझ्या बदलीचं बी होतं, पण ते मला कसं कळणार.

दुसऱ्या दिवशी तो आला तो खांद्यावर कावड घेऊन. त्याच्या स्वतःच्या शेतातल्या विहिरीला तळाशी थोडं पाणी होतं. दोन हंडे आमच्या मोरीत ओतून तो उंबऱ्यावर बसला. आदल्या दिवशी पडद्याआड उभी राहिलेली आमची ही चहा घेऊन बाहेर आली. तिनं त्याला 'गहिनीनाथभाऊ' म्हटलं. टँकरपुढे उभं राहून तिला दम लागायचा, तिला दम्याचा त्रास होता. तेव्हा ह्यात राजकारण शोधण्यात अर्थ नाही. आमच्या मागल्या खोल्यांत राहणाऱ्या घरमालकीण साळूबाईंना मात्र त्यात फार काही दिसलं. त्या हंड्यांतला एकही हंडा त्यांच्या मोरीत ओतला गेला नव्हता.

त्यानंतर पेपरांना ऊत आला. 'सीनावार्ता'नं तात्यांच्या खुलाशाला 'धाडसी पाऊल' म्हटलं. 'लोकनिनाद'नं विचारलं, हे पाऊल टाकायला इतका उशीर का लागला? 'भांडाफोड'नं लिहिलं, हे सगळं नाटक आहे, आतून दोघं एकच आहेत. तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण गहिनीनाथला काय म्हणायचं ह्याबद्दल तिघांचं एकमत होतं. आता तो एस.टी. स्टँडवरून तिन्ही पेपर स्वतः विकत आणायचा, माझ्यापुढं ठेवायचा आणि हात जोडून ऐकायला बसायचा.

समोर बसलेल्या माणसाला, ज्यानं आत्ताच तुमच्या मोरीत पाणी ओतलंय त्याला, 'गुंड' हा शब्द वाचून दाखवणं वाटतं तितकं सोपं नाही. मी 'गुंड'चं 'गावातले वजनदार गृहस्थ' असं वाचलं. 'आडदांड'चं 'धिप्पाड' केलं. एकदा मात्र मी वाचता वाचता फसलो. अग्रलेखात होतं, 'राजकारणातली ही कीड तात्यांनी वेळीच ठेचली.' 'राजकारणातली ही' एवढं तोंडातून निघून गेलं होतं.

"...भीड तात्यांनी वेळीच सोडली," मी म्हणालो.

"भीड म्हंजी?"

"संकोच."

"व्हय," तो समाधानानं म्हणाला, "तात्यांना पैल्यापासून भीड लई."

खरं सांगायचं तर मला ह्यात गोडी वाटू लागली. संपादकांनी जसं लिहायला हवं होतं तसं मी वाचत होतो. भाषा अशी काही प्रसन्न व्हायची की कधी कधी आमची हीसुद्धा स्वयंपाक सोडून ऐकायला यायची. नंतर स्वयंपाकघरात म्हणायची, "त्यांना आशा लावताय तुम्ही." मी म्हणायचो, निवडणूक होईपर्यंतचा प्रश्न आहे. नंतर पेपरवाले विसरतील, तात्या विसरतील, सगळं जागच्या जागी येईल.

एका बाजाराच्या दिवशी मच्छिंद्रनं हाक मारून 'भांडाफोड'चा नवा अंक हातात दिला. "तुमचं नाव आलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि थोडा आदरही.

मथळा होता, 'विहीरकांडातील इसमाचा सरकारी नोकराच्या घरी अड्डा.' खाली लिहिलं होतं की पाण्याच्या खात्यातल्या ठोकेकर नावाच्या भाऊसाहेबाच्या घरी रोज सायंकाळी खलबतं चालतात, तात्यांचे निरोप तिथूनच जातात-येतात आणि त्या बदल्यात हंडे पोचवले जातात, असं जवळच राहणाऱ्या एका जबाबदार महिलेनं सांगितलं. माझं आडनाव टोकेकर. आमचे पूर्वज प्रवरासंगमाजवळच्या टोक्याचे. शेकडो वर्षांत आमच्या घराण्याचं नाव छापून आलं नव्हतं आणि आलं तेव्हा हे असं.

"ठोकेकर छापलंय," ही म्हणाली. "मग ते तुम्ही नव्हेच."

ह्या आधारावर मी एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी 'सीनावार्ता'त तात्यांचा नवा खुलासा आला, 'ठोकेकर नावाच्या कोणा इसमाशी माझा काडीचाही संबंध नव्हता, नाही व यापुढे राहणार नाही.' मी तात्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, तेही लांबून. त्यांच्याशी संबंध असावा अशी इच्छा मी कधी धरली नव्हती. तरीही ते वाक्य वाचून मला जे वाटलं, ते सांगता येत नाही. ज्या घरात आपण कधी गेलोच नाही, तिथून कुणी आपल्याला हाताला धरून बाहेर काढावं, तसं काहीसं.

ऑफिसात मंडळी माझ्याशी जपून बोलू लागली. एकानं विचारलं, तात्या निवडून आले तर माझ्या भाच्याचं काम होईल का. दुसऱ्यानं टेबल थोडं लांब सरकवून घेतलं. साहेबांनी बोलावलं.

"टोकेकर, तुम्ही राजकारणात आहात?"

"नाही साहेब. मी पेपर वाचून दाखवतो."

"कुणाला?"

"गहिनीनाथला."

"ते राजकारणच झालं," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता, पण निवडणुकीच्या दिवसांत वरून रोज फोन येत होते. "हे पाहा, एका ओळीत लिहून द्या. सदर इसमाशी माझा संबंध नाही. मी तो कागद वर पाठवतो, विषय संपला. नाहीतर तुम्हाला अकोल्याला टाकतील. तिकडे भंडारदऱ्याच्या बाजूला पाऊस केवढा पडतो ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होतं. हिच्या दम्यालाही ठाऊक होतं. मी जागेवर येऊन कोरा कागद पुढे ओढला आणि अडलो. 'संबंध' ह्या शब्दाकडे मी सरकारी नजरेनं पाहू लागलो. तो माझा नातेवाईक नव्हता, जातीचा नव्हता, मित्र म्हणावा तर मी त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो. पण त्याला चहात साखर किती लागते ते आमच्या हिला न विचारता कळायचं. ह्याला काय म्हणायचं? मी तीन पानी खुलासा लिहिला. साहेबांनी तो वजन केल्यासारखा हातावर तोलला आणि परत दिला. "एक ओळ, टोकेकर. सोमवारपर्यंत."

त्याच शनिवारी तात्यांची शेवटची सभा कर्जतला होती. दुपारी गहिनीनाथ आला तो धुतलेलं धोतर, गुलाबी फेटा आणि हातात हार घेऊन.

"तात्या वाट बघत असतील न्हवं?" तो म्हणाला. "काल तुमी वाचलं, पक्षाचं दार उघडं हाय म्हनून."

छापलेलं होतं, 'अशा इसमांना पक्षाचे दार कायमचे बंद राहील.' स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. मी म्हणालो, "आज गर्दी असेल. निवडणूक झाल्यावर भेटावं."

"गर्दी असंल तर मला भ्या कशाचं? गर्दी मीच तर गोळा करत आलोय," असं म्हणून तो गेला. मी चप्पल घालून मागोमाग निघालो. सरकारी नोकरानं सभेला जायचं नसतं, म्हणून एका बैलगाडीच्या आडोशाला उभा राहिलो.

तात्या बोलायला उठले तसा गहिनीनाथ व्यासपीठाच्या पायरीवर चढला. त्यानं दोन्ही हातांनी हार पुढे धरला. तात्यांनी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ह्यांना बाजूला घ्या." कर्णा चालू होता. ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

दोघांनी त्याला धरलं. सतरंजी कशी अंथरायची हे त्या दोघांना त्यानंच शिकवलं होतं. तो मनात आणता तर दोघांनाही दोन बगलांत घेऊन निघून गेला असता. पण त्यानं हात वर केला नाही. ओढाओढीत फेटा सुटला. तो खाली उतरला आणि वाकून फेटा गोळा करू लागला. फेटा लांब होता, लोक त्यावर उभे होते, त्याला वेळ लागला. पेपरवाल्यांनी तेवढ्यात फोटो घेतले. मैदानात टाळ्या वाजल्या.

मी घरी पोचलो तेव्हा तो आमच्या ओट्यावर बसला होता. फेटा मांडीवर गोळा करून ठेवलेला.

"कालचा पेपर आना," तो म्हणाला. "हाय तसा वाचा."

मी वाचला. मग त्यानं आधीचे मागितले. हिनं रद्दीसाठी रचून ठेवलेली चवड तिनंच बाहेर आणून माझ्यापुढे ठेवली, माझ्याकडे न बघता. मी एकेक घडी उघडून पहिल्यापासून सगळं वाचलं. गुंडाला गुंड, आडदांडाला आडदांड. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. तो मान खाली घालून ऐकत होता.

"भीड न्हाई. कीड," तो एकदा म्हणाला.

"हो."

"बरं."

चहा निवून गेला. चवड संपली तेव्हा त्यानं विचारलं, "तुमच्यावर बी छापलंय म्हनं. मच्छिंद्र सांगत हुता." मी तेही वाचलं. साहेबांनी काय मागितलंय ते सांगितलं.

"मग द्या की लिवून."

"नाही जमत."

"का?"

"खोटं आहे ते."

"मग इतके दिस काय वाचत हुता?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता. खरोखरच विचारत होता. तो उठला, दारात सवयीनं वाकला आणि गेला.

सोमवारी मी कोरा कागद खिशात घालून ऑफिसात गेलो. मतदान दोन दिवसांवर आलेलं, बाहेर रस्त्यावर माणसांची वर्दळ. साडेअकराच्या सुमाराला खालून आवाज आला, "टोकेकर बाहेर या." मी व्हरांड्यात गेलो. साहेबही आले. समोर रस्त्याच्या मधोमध गहिनीनाथ उभा होता आणि भोवती गर्दी जमली होती. गर्दी जमवणं त्याला कधीच अवघड नव्हतं.

"समद्यांनी ऐका," तो म्हणाला. त्याला कर्ण्याची गरज नव्हती. "ह्या टोकेकर नावाच्या इसमाशी माझा काडीचाबी संबंध नव्हता, न्हाई, आन हितून म्होरं ऱ्हानार न्हाई. मी पेपर वाचून घ्यायला गेल्तो. पन ह्या मानसाला वाचता येत न्हाई. लिवलंय येक, वाचतो दुसरंच. अडानी मानसानं इस्वास ठिवावा असा हा मानूस न्हाई. सरकारनं ह्याला कशापायी ठिवलाय त्ये सरकारला इचारा. आमचे हंडे बी ह्यानं फुकट घेतले."

लोक हसले. मला सोडवायला तो हे करतोय, हे मला कळत होतं. पण त्यात एक वाक्य असं होतं, जे तो नुसतं मला सोडवायला बोलत नव्हता, हेही कळत होतं. मी कठड्याला धरून उभा राहिलो. बोलता बोलता त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बोलणं संपल्यावर गर्दीतून वाट काढत निघून गेला.

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "झालं काम, टोकेकर. आता तुम्ही काही लिहून द्यायची गरज नाही." दुसऱ्या दिवशी तिन्ही पेपरांत बातमी होती. 'सीनावार्ता'नं त्याला गहिनीनाथची कृतघ्नता म्हटलं, 'लोकनिनाद'नं ग्रामीण साक्षरतेवर स्फुट लिहिलं आणि 'भांडाफोड'नं, अड्डा आमच्यामुळेच उधळला गेला, असं जाहीर केलं. साहेबांनी कात्रण वर पाठवलं. मच्छिंद्रनं माझं अभिनंदन केलं. साळूबाईंनी बऱ्याच दिवसांनी हिच्याशी बोलायला सुरुवात केली.

ही मात्र माझ्याशी फारशी बोलत नव्हती. ती सकाळी हंडा घेऊन टँकरच्या रांगेत जायची आणि आल्यावर भिंतीला टेकून दम खात बसायची.

तात्या निवडून आले, चांगल्या मतांनी. अग्रलेखांत त्याचं श्रेय त्यांच्या तत्त्वनिष्ठेला दिलं होतं. मिरवणूक आमच्या घरावरूनच गेली. जीपमध्ये तात्यांच्या शेजारी गुलाल माखून एक जण बसला होता. जरा निरखून पाहिल्यावर ओळख पटली. तो कानिफनाथ होता.

गहिनीनाथ दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. एकदा रस्त्यात एकटा दिसला, तेव्हा मी थांबून हाक मारली. पावलं न थांबवता तो म्हणाला, "भाऊसाहेब, लोक बघत्यात." रस्त्यावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

जूनमध्ये माझी अकोल्याला बदली झाली. प्रशासकीय कारणास्तव. तात्यांचा, पेपरांचा किंवा त्या प्रकरणाचा तिच्याशी काही संबंध नव्हता, असं साहेब शपथेवर सांगत होते, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला. इतक्या लोकांचा कुणाशीच काही संबंध नसताना बदल्या कशा होतात, एवढंच मला समजलं नाही.

नगरच्या गाडीला सामान चढवायचं होतं. स्टँडवर एकही हमाल नव्हता. मी ट्रंकेशी झटापट करत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी ती उचलली. गहिनीनाथ शिडीवरून टपावर चढला, ट्रंक ठेवली, खाली उतरला, वळकटी नेली, मग पाट्या-वरवंट्याचं पोतं. ही खिडकीशी बसून पदरानं डोळे पुसत होती.

कंडक्टर खालून ओरडला, "गाडी सुटायची हाय. तुमचे कोन लागत्यात हे?"

"कोनी न्हाई," वरून गहिनीनाथ म्हणाला, "दोर ढिला हाय, जरा थांब." आणि त्यानं गाठ सोडून पुन्हा नीट बांधायला घेतली. कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून उभा राहिला. गाठ बांधायला गहिनीनाथला बराच वेळ लागला.